समुद्राच्या टाळूवरचं तेल

एक होता समुद्र, आणि त्याच्या मांडीवर बसलेलं एक इवलंसं गाव, उंडवली. हसू नका रे, खरंच होतं!

पूर्वी तिथे नुसती वाळू. एकदा काय झालं, समुद्राने एक गोल, टणक बी किनाऱ्यावर फेकलं. त्याचं झालं झाड, उंडीचं. मग एकाची दहा झाली, दहाची शंभर झाली. माणसं आली, घाणे बसले. बिया पिळल्या की हिरवंगार तेल निघायचं. कडूजार! खायचं नाही बरं का. दिव्यात घालायचं, होडीला चोळायचं. बी समुद्राने दिलेलं, म्हणून दर हंगामाचं पहिलं मडकं समुद्रात ओतायचं, अशी तिथली रीत.

मग तेलाला दूरदूरचे व्यापारी यायला लागले. गावकार, म्हणजे गावचा मुख्य, म्हणाला, "पुढल्या वर्साक ओतूया." पुढल्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी तर सगळे साफ विसरले.

आणि एके सकाळी समुद्र जो खवळला! धडाम्! धुडूम्! माडाएवढ्या लाटा! गावच्या होड्या नेमक्या बाहेर गेलेल्या. त्यातच गावातल्या येसू नावाच्या एका बाईचा नवरा, गुणाजी. होड्या किनाऱ्यावरून दिसत होत्या, पण त्यांना आत काही येता येईना.

गावकाराने ढोल आणले. "त्याच्यापेक्षा मोठ्यान वाजवा!" समुद्र दुप्पट गरजला. मग गावकाराने आपला जरीचा शेला समुद्राला वाहिला. समुद्राने तो भिरकावला तो थेट त्याच्याच डोक्यावर, फच्च! नाकात वाळू, कानात शेवाळ!

मग येसू पुढे झाली. तिच्या कडेवर तान्हं बाळ. सकाळपासून नुसतं किंचाळत होतं. टाळूवर खोबरेल थापलं, तेव्हा कुठे झोपलं होतं. येसूने बाळाकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं. मग गुडघाभर पाण्यात शिरून तिने हाक मारली, "दर्याबाबा, इतको कित्याक ओरडतंस रे?"

लाट थबकली. पाण्यातून आवाज आला, "माजा डोक्या ठणकता गो! तीन वर्सा माका झोप येणा नाय. माज्या टाळूर तेल कोण घालतला?"

येसूला रडूच आलं. एवढा मोठा समुद्र, पण त्याला विचारायला कोणी नाही! बाळाला सासूकडे देऊन ती घरी पळाली. पावसाळ्यात दिव्याला ठेवलेलं एकच मडकं होतं, ते आणून तिने ओतलं. "नीज रे बाबा, नीज."

आणि काय सांगू! तेल पसरलं तिथल्या लाटा आडव्याच झाल्या. पण अंगणाएवढ्याच जागेत. येसू ओरडली, "बगतास काय? घरातला तेल आणा!"

मग जी पळापळ झाली! घराघरातून मडकी निघाली, व्यापाऱ्यांसाठी भरलेले बुधलेही निघाले. सगळ्यात मोठा बुधला गावकाराच्या खांद्यावर, डोक्यावर अजून तो शेला! भळाभळा तेल ओतलं. लाटांमधून गुळगुळीत हिरवी वाट झाली आणि तिच्यावरून होड्या सुळ्ळकन किनाऱ्याला! गुणाजीने उडी मारली आणि आधी बाळाला उचललं.

आणि समुद्र? घोरायला लागला! सुस्स… खळ्ळ… तुम्हाला ऐकू येतं ना, तेच ते.

तेव्हापासून पहिलं मडकं त्याचंच. समुद्रही सुखात, गावही सुखात.

चला, डोकी करा इकडे एकेकाने. ही घातली बोटभर खोबरेलाची धार. आता मिटा डोळे. एवढा मोठा समुद्र झोपला, तुम्ही कोण मोठे लागून गेलात!