टिंगू नाकतोड्याचा गड्डा

एक होता नाकतोडा. त्याचं नाव टिंगू. टिंगू एवढुस्सा, पण हट्ट केवढा? एऽऽवढा!

टिंगूने कोबीचं रोप लावलं. रोज राखलं. पान आलं. पानावर पान आलं. पानं मिटली. आत भरला गड्डा, गोल गोल, गच्च गच्च. टिंगूने एक पानही खाल्लं नाही. म्हणाला, "आधी भरू दे, मग खाईन."

गड्डा भरला. टिंगू आला टुणुक टुणुक. बघतो तर काय! गड्ड्याला भोक! आतून आवाज, कुरुम कुरुम.

"कोण आहे आत?"

"मी अळी. गड्डा आता माझा!"

"बाहेर ये."

"नाही येत जा!"

टिंगूला आलं रडू. मग आला राग. त्याने पाय आपटला. "गड्डा माझा! माझा म्हणजे माझा! सोडणार नाही!"

टुणुक टुणुक, गेला साळुंकीकडे.

"साळुंकीताई, साळुंकीताई, अळी निघेना, गड्डा मिळेना. तू अळीला टोच."

"नाही टोचत. घसा कोरडा पडलाय. पाट वाहू दे, मग टोचते."

"गड्डा माझा! माझा म्हणजे माझा! सोडणार नाही!"

टुणुक टुणुक, गेला पाटाकडे. पाट शेतात पाणी नेतो. आज मात्र कोरडा ठक्क.

"पाटदादा, पाटदादा, साळुंकी टोचेना, अळी निघेना, गड्डा मिळेना. तू वाहा."

"नाही वाहत. दारं बंद आहे. दारं मोडू दे, मग वाहतो."

टिंगूने दार शोधलं. कडी शोधली. कुलूपही शोधलं. पाट हसला खदखद. "अरे वेड्या, शेतातलं दारं म्हणजे पाणी अडवणारा हा मातीचा बांध! शेताच्या मालकीण गिरजाकाकू तो खोऱ्याने मोडतात."

टिंगू लाजला? छे! "गड्डा माझा! माझा म्हणजे माझा! सोडणार नाही!"

टुणुक टुणुक, गेला गिरजाकाकूंकडे.

"काकू, काकू, पाट वाहेना, साळुंकी टोचेना, अळी निघेना, गड्डा मिळेना. तुम्ही दारं मोडा."

"नाही मोडत रे राजा. माझ्या खोऱ्यावर म्हैस बसलीया. ती उठू दे, मग मोडते."

"गड्डा माझा! माझा म्हणजे माझा! सोडणार नाही!"

टुणुक टुणुक, गेला म्हशीकडे.

"म्हशीबाई, म्हशीबाई, खोरं हलेना, पाट वाहेना, साळुंकी टोचेना, अळी निघेना, गड्डा मिळेना. तू ऊठ."

"नाही उठत."

"मग कधी उठशील?"

"उठायचं कशाला?" म्हैस रवंथ करत राहिली. "नाव काय म्हणे तुझं? नाकतोडा? हो हो हो! कुणाचं नाक तोडलंस रे?"

आता मात्र टिंगू तापला. "तुझंच तोडतो!"

टुणुक! म्हशीच्या तोंडावर. टुणुक! थेट नाकात. आतून ओरडला,

"म्हैस उठेना, खोरं हलेना, पाट वाहेना, साळुंकी टोचेना, अळी निघेना, गड्डा मिळेना. गड्डा माझा! माझा म्हणजे माझा! सोडणार नाही!"

म्हशीचं नाक हुळहुळलं. "आ... आ... आंऽऽक्छी!"

टिंगू उडाला भुर्रर्र. म्हैस उठली धडपड.

म्हैस उठली, खोरं हललं. खोरं हललं, दारं मोडलं. दारं मोडलं, पाट वाहिला झुळझुळ. पाट वाहिला, साळुंकी पाणी प्याली. पाणी प्याली, टोचायला आली, टोच टोच टोच!

"निघते, निघते!" अळी निघाली सरपट सरपट. गिरजाकाकू म्हणाल्या, "जा त्या कडेच्या मोहरीवर. तुम्हा अळ्यांसाठीच लावलीया ती."

मग काकूंनी विळ्याने गड्डा कापला, खच्च! भोकाची वरची पानं म्हशीला दिली. आतला गड्डा पांढरा शुभ्र. म्हैस हळूच पुढे सरकली. "तोही दे की मला."

टिंगू गड्ड्यावर चढला. छाती काढली.

"म्हशीबाई, नाक सांभाळा!"

म्हैस झटकन मागे झाली. टिंगूने पहिलं पान खाल्लं. कुरुम!

गड्डा टिंगूचा, गोष्ट तुमची.