न विचारता केलेली सुधारणा

एकदा विणकरांच्या एका गावी असे घडले. गोष्ट फार जुनी नाही, घरोघरी प्रिंटर आल्यानंतरची आहे. तंत्रनिकेतनात तीस वर्षे यंत्रशाळा सांभाळून निवृत्त झालेल्या एक वृद्ध बाई तिथे राहत. घराच्या पुढच्याच खोलीत त्यांचे दुरुस्तीचे दुकान होते. हेरंब नावाचा त्यांचा एक शिष्य होता. वय तिशीचे, हात कुशल आणि डोके तापट.

त्या सकाळी तो दुकानात शिरला तोच लालबुंद होऊन. "बाई, ही उघड उघड लबाडी आहे!"

झाले होते असे. मंदाकिनीताई या गावातल्या नक्षीकार. पैठणीच्या पदरावरचे मोर आणि कमळे त्या संगणकावर चौकटीचौकटींनी रेखाटत आणि मोठाले रंगीत कागद छापून विणकरांना देत. विणकर कागदावरच्या चौकटी मोजत मागावर रंगीत धागे भरत. कागद थांबला की मागही थांबला. एवढा मोठा कागद छापणारे यंत्र गावात त्यांचेच एक होते. आदल्या दिवशी त्यात कागद अडकला, म्हणून हेरंब गेला. त्याने कागद काढला, रबरी रूळ पुसला, काम संपले. तेवढ्यात यंत्राच्या पडद्यावर अक्षरे उमटली, 'नवे फर्मवेअर उपलब्ध आहे.' फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटातली आज्ञावली, त्याने कसे वागायचे ते ठरवणारी. ताई आत चहा टाकत होत्या. हेरंबने 'मान्य आहे' हे बटण दाबून टाकले. सुधारणाच ती, ताईंचे एक काम आयतेच झाले, असे त्याला वाटले. चहा पिऊन तो समाधानाने घरी गेला.

आणि आज यंत्राने छापायचेच नाकारले. सहा वर्षे ताई गावातच शाई भरून घेत होत्या, ती एका रात्रीत त्याला परकी झाली. 'ही शाई आमची नाही' एवढे एक वाक्य दाखवून ते ठप्प. कंपनीची शाई शहरातून यायला आठ दिवस. तोवर पाच माग उभे. त्यातल्या एका पैठणीला लग्नाची तारीख होती आणि तिचा पदर निम्माच विणून झाला होता.

"यंत्र ताईंचं, टेबल ताईंचं, वीज ताईंची," हेरंब ओरडत होता, "आणि शाई कुठली घालायची ते कंपनी ठरवणार? ताई चहा टाकत होत्या तेवढ्यात मी सुधारणा म्हणून बटण दाबलं, तर जुनं फर्मवेअर परत टाकायची वाटसुद्धा त्याच सुधारणेत बंद करून ठेवली आहे. याला काय म्हणायचं? मी असं पत्र लिहितो ना, की वाचणाऱ्याची झोप उडेल!"

त्याचा राग खोटा नव्हता. कंपनीने केले ते निर्लज्जपणाचेच होते, ते सांगायला कुणा पंडिताची गरज नाही.

"लिही. मीही सही करीन," बाई म्हणाल्या. "पण आधी बाजारातून सोल्डरची तार घेऊन ये."

अर्ध्या तासाने हेरंब परतला आणि दारातच थबकला. त्याची पत्र्याची अवजारपेटी जागेवर नव्हती. तिथे एक चकचकीत नवी पेटी होती. त्याने झाकण उघडले. आत कोरी करकरीत अवजारे, प्रत्येकासाठी साच्यात नेमकी खाच. त्याच्या हाताला बसावा म्हणून सुतळी गुंडाळलेला पेचकस नव्हता. त्याने स्वतः घासून बारीक केलेला चिमटा नव्हता. वडिलांची पक्कड नव्हती.

"माझी पेटी कुठे आहे?"

"सुधारली," बाई शांतपणे म्हणाल्या. "ही नवी आहे. हिच्यात दुसरं कुठलंही अवजार बसत नाही."

हेरंबचा आवाज चढला. गुरूंसमोर तो असा कधी बोलला नव्हता. "सुधारली? मला विचारलंत तरी का? बारा वर्षं त्या पेटीवर माझं पोट चालतंय! तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझी अवजारं माझ्या कपाटात आहेत, सगळी. तू मागितलीस की मिळतील. मंदाकिनीनं तिचा कालचा प्रिंटर मागितला, तर तिला कोण देणार? कंपनी नालायक आहेच. पण 'मान्य आहे' असं कुणी म्हटल्याशिवाय तिला आत पाऊल टाकता येत नव्हतं. ते म्हणायचा अधिकार मंदाकिनीचा होता आणि म्हटलंस तू. फर्मवेअर बदलावं लागतं, राउटरचं नाही बदललं तर चोराला दार उघडं राहतं, हे मीच तुला शिकवलं. काय बदलणार ते आधी वाचायचं, ज्याचं यंत्र त्याला सांगायचं आणि त्याच्या होकाराची वाट पाहायची, हेही शिकवलं होतं. तू चहा उकळेपर्यंतसुद्धा थांबला नाहीस."

हेरंबने नव्या पेटीचे झाकण लावले. त्याची मान खाली गेली. तो उठला आणि आपली पेटी न मागताच बाहेर पडला.

मंदाकिनीताई जमिनीवर आखणीचे कागद पसरून बसल्या होत्या. संगणकाच्या पडद्याकडे पाहत त्या एकेक चौकट हाताने रंगवत होत्या.

"ताई, ते बटण मी दाबलं. तुम्हाला न विचारता."

"माहीत आहे मला." ताईंनी वर पाहिलेही नाही. त्यांच्या आवाजात धार होती. "तू दारात उभा राहून माग चालणार नाहीत. बस आणि रंगव."

तो बसला. पहिल्या ओळीत त्याची एक चौकट चुकली, तेव्हा ताईंनी कागद फाडला आणि दुसरा पुढे केला. तोही त्याने मुकाट्याने घेतला. दुपारपर्यंत मोराची मान पुरी झाली आणि पानांची वेळ आली. हेरंबने रंगांच्या डब्यातली हिरवी पेन्सिल उचलली, कागदावर टेकवली आणि तिथेच हात रोखला.

"ताई, पानांना हा हिरवा घेऊ का?"

"नको," ताई म्हणाल्या. "तो मोराचा आहे. पोपटी घे."