पोरांची कीड आणि पंतोजीचे दात

पाठशाळेतल्या पोरांचे दात किडले आणि राजा गजसेनानं हुकूम सोडला, "पौर्णिमेपर्यंत कीड थांबली नाही, तर पंतोजीचे सगळे दात उपटा!"

कीड पोरांना, उपटायचे दात पंतोजीचे! राजेच ते, त्यांना कोण विचारणार?

कीड का लागते ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रोज सकाळी राजवाड्यातून प्रत्येकाला गुळाच्या पाकातला चिकट लाडू यायचा. तो गिळला की लगेच उभं राहून महाराजांचा जयजयकार करायचा. चूळ भरायला बंदी! राजाचा लाडू थुंकला म्हणजे राजद्रोह ना! आणि लाडवाला नावं ठेवील त्याला चाबूक.

मग काय, विद्वान लागले कामाला. थोरल्या वैद्यानं अर्ध्या पोरांना पहाटे कडुलिंबाची काडी चावायला लावली. धाकट्यानं उरलेल्यांचे दात पहाटेच मीठ-कोळशानं घासले. कोणाचा उपाय सरस, यावर दोघे कोंबड्यांसारखे भांडले. दात मात्र दोन्हीकडचे सारखेच किडले.

पौर्णिमेला पंतोजीला दरबारात आणलं. न्हावी चिमटा घेऊन तयारच! तेवढ्यात पंतोजीची लेक द्वारकी पुढे आली.

"महाराज, खरकट्या तोंडानं देवाचं नाव घ्यावं का?"

"शिव शिव! पाप आहे ते, पोरी!"

"आणि तुमचं?"

राजानं मिशी चाचपली. देवापेक्षा कमी म्हणवून घेणं त्याला कुठलं जमायला!

"माझंही घेऊ नये! कोण घेतो?"

"सगळी पाठशाळा! दाढेत गूळ, ओठाला तूप आणि वर तुमचं नाव!"

थोरला वैद्य उसळला, "खोटं! पोरं पहाटेच दात घासतात!"

"तुम्ही जेवणाआधी हात धुता, वैद्यबुवा. जेवल्यावर तसेच ठेवता का?"

वैद्यानं हात उपरण्यात लपवले. राजा मात्र अडून बसला. "पण चूळ भरली तर माझा लाडू थुंकल्यासारखं होईल!"

"लाडू पोटात गेला, महाराज. थुंकायचं ते खरकटं. ते तुमच्या नावाला कशाला चिकटवायचं?"

राजा खो खो हसला. "आजपासून लाडवानंतर आधी चूळ, मग काडी, मग जयजयकार! पाणी हे दोघे वैद्य ओततील! पोरी, इनाम माग!"

"माझ्या बाबांचे दात द्या."

"अगं, ते तर त्यांच्या तोंडातच आहेत!"

"तिथंच राहू द्या, महाराज!"

राजानं पोट धरून हसत गळ्यातला मोत्यांचा कंठा तिच्या हातात टाकला. न्हाव्यानं चिमटा गुपचूप धोकटीत घातला.