मधल्या थराच्या विटा

नदीकाठच्या एका गावात चिमाबाई नावाची कुंभारीण वीटभट्टी लावायची. भट्टी निवली की ती सगळ्या विटा एका ढिगात कधी टाकत नसे. मधल्या थराच्या लालबुंद, घट्ट विटा ती पाण्याच्या आणि ओझ्याच्या कामासाठी वेगळ्या काढी. कडेला धग कमी लागलेल्या पिवळट विटा कोरड्या आडभिंतींना देई. जाळाजवळ करपून वेड्यावाकड्या झालेल्या काळ्या खंगर विटासुद्धा ती टाकून देत नसे. त्या फोडून पायाच्या भरावाला जायच्या.

गावाची रीत अशी, की गावकीचं काम निघालं तर त्या वर्षीचा मधला थर गावाचा. त्या वर्षी विहीर बांधायची होती. बाप्यांनी खणलं, बायांनी माती वाहिली, चिमाबाईने मधला थर विहिरीपाशी रचून दिला आणि ती लेकीच्या बाळंतपणाला निघून गेली.

दौलतराव पाटलाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. सोयरे तालेवार, म्हणून त्याला दारापुढे कमान हवी होती. विहिरीपाशी रचलेल्या लाल विटा बघून त्याची नियत फिरली. गड्यांकरवी त्याने त्या आपल्या दारात नेल्या, आणि गोठ्याच्या आडभिंतीसाठी घेतलेल्या पिवळट विटा त्यांच्या जागी आणून टाकल्या. कुणी विचारलं तर सांगायचा, कमानीच्या विटा शहरातून मागवल्यात.

येसू गवंडी तेवढा घुटमळला. "पाटील, या विटा पाण्यात टिकायच्या नाहीत."

"विहिरीत वाकून विटा कोण बघतंय? वरून चुना लाव आणि गप्प बस."

आणि येसू गप्प बसला. ज्याने तोंड उघडायचं त्यानेच तोंड शिवून घेतलं, आता याला काय म्हणावं!

व्हायचं तेच झालं. पावसाळ्यात विहीर भरली, पिवळट विटा भिजून मऊ पडल्या आणि विहिरीची एक बाजू गाळासकट आत बसली. बाया पुन्हा हंडे घेऊन नदी गाठू लागल्या.

पाटलाने चावडीवर गाव बोलावला आणि चक्क चिमाबाईलाच उभं केलं. हिची भट्टीच खोटी, म्हणाला, हिने गावाला फसवलं, यापुढे हिची भट्टी पेटता कामा नये. विटा पळवणारा न्याय द्यायला बसला होता, आणि माना डोलावणारे काही कमी नव्हते. त्यातले निम्मे चिमाबाईच्याच विटांच्या घरात राहत होते.

चिमाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. लेकीकडून परतल्यापासून ती ही कुजबुज ऐकत होती. भट्टी गेली तर पोट कशावर भरायचं, हा घोर होताच. पण तिला खरी आग लागली ती नावाला बट्टा लागल्याची. तिने विहिरीतून आणलेली वीट सगळ्यांसमोर हाताने कुस्करली.

"वीट माझीच आहे," ती म्हणाली. "पण ही मी तुमच्या गोठ्याच्या आडभिंतीला दिली होती, पाटील. तिथं ती तुमच्या नातवंडांच्या काळापर्यंत उभी राहिली असती. विहिरीत ती उतरली कशी?"

"मला काय ठाऊक? गवंड्याला विचार."

हे ऐकून येसूचा चेहरा उतरला. ज्याच्या भीतीने गप्प बसलो, तोच दोष आपल्या गळ्यात अडकवतोय, हे त्याला कळलं. तो उठला, थेट पाटलाच्या दारात गेला आणि छिन्नी लावून त्याने कमानीची एक वीट उपसली. लोक मागोमाग आले होतेच. येसूने विटेचा चुना खरवडला. खाली, कच्च्या मातीत दाबलेला अंगठ्याचा ठसा होता.

"माझा अंगठा आहे हा," चिमाबाई म्हणाली. "शहरातल्या कुठल्या भट्टीत तो उठतो, पाटील? गावाची विहीर ही इथं उभी आहे."

येसूने ती वीट तिच्या पायाशी ठेवली.

"चुकलो, मावशी," येसू म्हणाला.

"चुकलासच. वेळेवर बोलला असतास तर या बाया आज नदीवर गेल्या नसत्या. आता बाकीच्या विटा काढ."

मघाशी माना डोलावणारेच आता पहारी घेऊन पुढे झाले. पाटील आडवा आला. त्याचा आवाज पार खाली आला होता. "लग्न तोंडावर आलंय. कमान नसली तर पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुणे आल्या आल्या पाणी मागतात, पाटील," चिमाबाई म्हणाली. "कमान कुणी मागत नाही."

पाटील बाजूला झाला.

तात्पर्य: जे सर्वांत भक्कम ते ओझं सोसायच्या जागी लावावं, मिरवायच्या जागी नव्हे, आणि ज्याने त्याची जागा चुकवली, त्याने दोष दुसऱ्याच्या माथी मारू नये.