हेमनाथ नावाचे सगळे

"कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड परत का काढून घेताय, महाराज? सकाळीच तर दिलात."

तेजनाथाचा आवाज चढला होता. गुलाबनाथ महाराज ओट्यावर लसूण सोलत बसले होते. ते सोलतच राहिले.

तेजनाथ शहरात कॉम्प्युटर शिकून नदीकाठच्या या मठात आलेला. दीक्षेच्या वेळी डोकं मुंडलं, गर्व तेवढा राहून गेला.

मठात कॉम्प्युटर एकच. शिष्य त्याच्यावर प्रोग्राम लिहायला शिकत आणि नदीची राखणही तोच करी. पाणी चढलं की खालच्या वाडीत भोंगा वाजे, आणि वाडी गुरंढोरं घेऊन टेकडीवर येई. मठाची रीत अशी, की प्रत्येक प्रोग्रामला महाराजांच्या गुरूंचं, हेमनाथांचं नाव द्यायचं.

"तुझा प्रोग्राम बिथरला होता म्हणे?"

"हो. सगळा कॉम्प्युटर अडवून बसला होता. मग मी कोड लिहिला. त्याला नाव सांगायचं. त्या नावाचं जे जे चालू असेल, ते तो ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो आणि मुख्य पासवर्डाच्या जोरावर बंद पाडतो. हेमनाथ म्हटलं, खेळ खल्लास."

"किती बंद पडले?"

"ते नाही बघितलं..."

महाराजांनी कोनाड्याकडे मान वळवली.

तिथला भोंग्याचा हिरवा दिवा विझला होता. वरच्या डोंगरावर तर सकाळपासून आभाळ काळं होतं.

तेजनाथानंही ते पाहिलं. मान मात्र खाली गेली नाही.

"चूक माझी नाही. सगळ्यांना एकच नाव द्यायची रीत तुमची. नाव दिलं, त्या नावाचे गेले. मी माफी मागणार नाही."

"नको मागूस."

महाराजांनी हात पुसले, कॉम्प्युटरपुढे बसून भोंग्याचा प्रोग्राम पुन्हा सुरू केला. हिरवा दिवा लागला. मग ओट्यावर येऊन त्यांनी अंगणाकडे हाक दिली.

"नाथा..."

विहिरीवरचा भोळानाथ घागर टाकून आला. गोठ्यातून म्हातारे केवळनाथ आले, शेणाचे हात तसेच घेऊन. तेजनाथाच्याही तोंडून सवयीनं "जी" निघून गेलं.

"झोळ्या उचला," महाराज म्हणाले. "तिघंही. मठ सोडा."

भोळानाथ तिथेच मटकन खाली बसला. केवळनाथांची उभी हयात या मठात गेलेली. धोतराला हात पुसून ते खुंटीवरची झोळी काढायला निघाले.

तेजनाथ दारात आडवा उभा राहिला.

"थांबा, केवळबाबा. कुठंही जायचं नाही."

मग तो महाराजांकडे वळला.

"हे मी चालू देणार नाही. मला हाकला, खुशाल हाकला. राग माझ्यावर आहे ना? यांचा काय दोष? नाव घेतलंत म्हणून आले बिचारे."

महाराज खाली बसले. लसणाची पाकळी पुन्हा हातात घेतली...

"भोंग्याचा तरी काय होता?"