न जळणारी तार

एका गावात हैबतराव नावाचा माणूस होता. असा एक प्रत्येक गावात असतोच. तुमच्या गावात दिसला नसेल, तर आरशात बघा.

त्याची बायको हौसाबाई वारली. मागे राहिली तिच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट. एकुलती एक. हैबतरावाने भलामोठा टेप आणला, कपाटाएवढे स्पीकर आणले आणि रोज दिवेलागणीला तिचा आवाज ऐकत बसू लागला. एक वेळ जेवण चुकेल, हे नाही.

पण गावातली वीज म्हणजे नवा जावई. कधी रुसायची, कधी अंगावर यायची. ती चढली की मीटरजवळच्या फ्यूजमधली केसाएवढी तार वितळायची, घर अंधारायचं आणि हौसाबाई ओवीत मधेच गप्प व्हायची. हैबतरावाला वाटे, ही पुन्हा मेली.

मेहुणी अनसा शेजारीच राहायची. तिनं स्टॅबिलायझर घ्यायला सांगून पाहिलं. गड्याला तेवढा धीर कुठला? त्यानं जुन्या मोटारीची जाड तांब्याची तार काढली आणि पीळ देऊन फ्यूजमध्ये बसवली.

"दाजी, ती बारकी तार जळती म्हणून बाकीचं वाचतं," अनसा म्हणाली.

"हौसाला बोलताना कुणी तोडायचं नाही," तो म्हणाला.

एका संध्याकाळी वीज अशी चढली की दिवे पांढरेफटक झाले. गल्लीतल्या सगळ्यांचे फ्यूज उडाले. एकट्या हैबतरावाच्या घरात गाणं चालू. तो ऐटीत दारात आला आणि म्हणाला, "या, माझ्याकडं बसा." लोक आलेही. फुकटात ऐकायला कोण नाही म्हणतो?

ओवी आधी चिरकली, मग घोगरी झाली. जळका वास सुटला. टेपमधून धूर निघाला तरी वीज येतच राहिली. कुणीतरी काठीनं मेन स्विच पाडला, तोवर कॅसेट टेपच्या पोटात काकवीसारखी वितळली होती.

टेप काय, दुकानात दुसरा मिळाला असता.

हैबतराव मुक्या स्पीकरपुढं बसून राहिला. मग त्यानं अनसाला विचारलं, पुढची ओवी कशी होती. तिनं सगळी म्हणून दाखवली. तो खाली मान घालून ऐकत होता.

"आता तिच्या आवाजात म्हण की," तो म्हणाला.

अनसानं पदर तोंडाला लावला.

तात्पर्य: आपल्याला मधेच थांबवणारा वैरीच असतो असं नाही, त्याला काढून टाकलं, तर जे जपायचं तेच आधी राख होतं.