वाफ्याचं दार

"विचार थांबवायचा तरी कसा, बुवा?"

निरंजनबुवा मठामागच्या मळ्यात पाणी देत होते. मान वर न करता म्हणाले, "कुठला?"

हेरंब पाटाच्या कडेला उकिडवा बसला. एरवी मठात या शिष्याची जीभ कुणाला आवरत नसे. पण गेल्या एकादशीला, स्वतःच्याच गावच्या देवळात, पहिल्याच प्रवचनात तो अडखळला. पाठ केलेलं सगळं विसरला... आणि पुढच्या रांगेतून त्याचे वडील उठून चालते झाले. ते पाहून हाही देवळामागून पळाला.

"आबांना माझी लाज वाटली. रात्रंदिवस तेच डोळ्यांपुढे येतं. कितीही दाबलं तरी येतं. मी प्रवचन सोडतो, बुवा. मठही सोडतो."

"सोड. आधी हा मिरच्यांचा वाफा भरलाय, त्याचं दार बंद कर."

हेरंबने फावड्याने माती ओढून वाफ्याचं तोंड बुजवलं. पाणी पाटात तुंबलं, चढलं आणि ती माती घेऊन पुन्हा मिरच्यांतच शिरलं. त्याने आणखी माती लोटली. पुन्हा तेच. धोतर चिखलाने माखलं. शेतकऱ्याचं पोर, आणि एवढंही जमू नये! लाजेने त्याचे कान तापले.

बुवांनी फावडं घेतलं. आधी पुढच्या, कोरड्या वाफ्याचं दार फोडलं. पाणी मुकाट तिकडे वळलं. मग मिरच्यांच्या तोंडावर एकच फावडं माती टाकली. ती टिकली.

"आबा कशाला उठले?"

"सांगितलं ना. लाजेने."

"आणखी कशाला उठले असतील?"

"आणखी कशाला..." हेरंब थांबला. "माझ्या घशाला कोरड पडली होती. शब्द फुटत नव्हता. समोर तांब्याही ठेवलेला नव्हता..."

बुवा पाण्याकडे बघत राहिले.

"पाणी आणायला गेले असतील?"

हेरंबनेच विचारलं. आबा भरला तांब्या घेऊन आले असतील, आणि समोर रिकामी बैठक... हेरंबला रडू आलं. त्याला अजूनही लाजच वाटत होती, पण आता तोंड लपवावंसं वाटेना. आबांपुढे जाऊन उभं राहावंसं वाटलं.

"मी जातो. त्यांनाच विचारतो." दोन पावलं टाकून तो वळला. "पण बुवा... खरंच लाजेने उठले असतील तर?"

बुवांनी फावडं त्याच्या हातात दिलं.

"तर तेही कळेल. आधी हा वाफा भिजू दे."